उजवीकडची खुर्ची

"सर, माउस डावीकडे कधी येणार?"

हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. चष्मिस आणि लांबवेणी या माझ्या दोन मैत्रिणींनी तो जिन्यात उभं राहून घडवला होता आणि "दम असेल तर विचारून दाखव" असं म्हणून माझ्या गळ्यात बांधला होता. माझ्यात दम आहे की नाही हे मलाही नक्की माहीत नव्हतं. पण हल्ली मला एक शोध लागलाय, की तोंड उघडलं तर आवाज येतो. आधी मला वाटायचं तो फक्त इतरांच्याच तोंडातून येतो. त्यामुळे मी हात वर केला, उभी राहिले आणि विचारून टाकलं.

लॅबमध्ये हशा पिकला. डावीकडच्या खुर्च्यांवरून जरा जास्तच.

आता हे डावं-उजवं काय प्रकरण आहे ते सांगते. दर शनिवारी आणि रविवारी सकाळी कॉलेजच्या वरच्या मजल्यावर संगणक परिचयाचा कोर्स चालतो. पत्र कसं टाइप करायचं, तक्ता कसा घालायचा, आकड्यांच्या बेरजा कशा लावायच्या, असलं सगळं ऑफिसचं काम. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तो आहे, पण शाळेच्या वरच्या वर्गातल्या आमच्यासारख्यांनाही घेतात. मशीन कमी आणि माणसं जास्त, म्हणून एका मशीनवर दोघं. उजव्या खुर्चीवर बसतो तो चालक. डाव्या खुर्चीवर सहायक. सहायकानं पुस्तिका उघडून पायरी वाचायची आणि चालकानं ती करायची. पहिल्याच दिवशी सरांनी जोड्या लावल्या. "मुलींचं वाचन स्पष्ट असतं," असं ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्या खुशीत हसलो. कौतुक वाटलं ना आम्हाला. कौतुक संपलं तेव्हा डावीकडे एकूण एक मुली बसल्या होत्या आणि उजवीकडे एकूण एक मुलगे. माउसच्या वायरी टेबलाच्या उजव्या पायाला प्लास्टिकच्या पट्टीनं आवळलेल्या. का, तर कुणी उचलून नेऊ नये म्हणून.

माझ्या उजवीकडे कोण? माझा सख्खा दादा. तो याच कॉलेजात आहे. "भाऊ-बहीण एकत्र बसले की भांडण नाही," असं सर म्हणाले होते. सरांना बहीण नसावी.

तर, मी उभी होते. सरांना आम्ही सेव्हसर म्हणतो, कारण दर चार वाक्यांनंतर ते "सेव्ह करा" म्हणतात. त्यांनी खडू ठेवला.

"माउस उजव्या हातासाठीच बनवलेला असतो, बाळ."

"मी डावखुरी आहे, सर."

पुन्हा हशा. या वेळी माझ्या बाजूनं.

"मग तर तुला जास्तच अवघड जाईल. हे बघ, वाचणारा आणि चालवणारा, दोघांचंही काम सारखंच महत्त्वाचं."

"सारखंच असेल तर आलटून पालटून करू ना, सर. एक दिवस त्यांनी वाचावं."

आता कुणी हसलं नाही. उजव्या खुर्च्यांवरची काही डोकी माझ्याकडे वळली. दादानं मान खाली घातली आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"जोड्या परीक्षेसाठी ठरलेल्या आहेत," सर म्हणाले. "पण तुला एवढी हौस असेल तर ये. माझ्या मशीनवर बस. सगळ्यांना दाखव."

सरांचं मशीन पुढे, आणि त्याचा पडदा भिंतीवर. म्हणजे त्यावर माशी बसली तरी सगळ्या लॅबला दिसते. मी गेले. मला भीती कसली? पुस्तिकेतली पायरी न पायरी मला पाठ होती. दादाला जागेपणी विचारली असती तरी आली नसती, मला झोपेतही आली असती.

"तीन रकान्यांचा तक्ता घाल," सर म्हणाले.

मी बसले. पडद्याकडे पाहिलं. आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "इन्सर्ट."

आणि थांबले.

बाण जागच्या जागी होता. मी वाट बघत होते. कुणीतरी तो हलवेल म्हणून वाट बघत होते. इतक्या शनिवार-रविवारांत मी "इन्सर्ट" म्हणायचे आणि बाण जायचा, "टेबल" म्हणायचे आणि खिडकी उघडायची. आता मी म्हणाले आणि काहीच झालं नाही. मग कुणीतरी मागून म्हणालं, "हात लावावा लागतो," आणि अख्खी लॅब फुटली.

मी माउस धरला. उजव्या हातानं, कारण वायर डावीकडे पोचतच नव्हती. बाण उधळलेल्या वासरासारखा वरच्या कोपऱ्यात पळाला. खाली आणला तर दुसऱ्या कोपऱ्यात. मी दाबलं, सुटलं नाही, पुन्हा दाबलं, आणि सरांनी लिहिलेलं सगळं निळं झालं. मग माझं बोट कुठंतरी लागलं आणि पानभर मजकुराच्या जागी एकच अक्षर उरलं.

"कंट्रोल झेड," मी म्हणाले.

सरांनी पुढे वाकून ते दाबलं. मजकूर परत आला. म्हणजे शेवटपर्यंत मी सांगितलं आणि दुसऱ्या कुणीतरी केलं. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"बघितलंत?" सर वर्गाला म्हणाले, माझ्याकडे न बघता. "नाचता येईना, अंगण वाकडं. जा, बस जागेवर. सेव्ह करा सगळ्यांनी."

मी परत येताना दादा हसत होता. सगळे हसत होते हे मान्य. पण तो.

घरी जाताना मी त्याच्या पुढे चालत होते. तो मागून हाका मारत होता. मला तो 'रेडिओ' म्हणतो, कारण मी शेजारी बसून अखंड सांगत असते.

"ए रेडिओ, थांब ना. रागावलीस?"

"तू हसलास."

"सगळेच हसले."

"सगळ्यांना मी रोज सांगत नाही. तुला सांगते. तक्ता कुठून येतो, सांग."

"कुठून म्हणजे?"

"कुठून येतो? कुठल्या शब्दावर जायचं?"

तो थांबला. रस्त्यावर एक सायकल त्याला घासून गेली तरी हलला नाही. खरंच आठवत होता बिचारा. मग म्हणाला, "ते तू सांगतेस ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मला बोलता येतं पण करता येत नाही, याला करता येतं पण काय करायचं ते माहीत नाही, आणि आम्हा दोघांत मिळून जो एक माणूस तयार होतो, त्याचं नाव प्रमाणपत्रावर 'चालक' म्हणून लागणार. आणि ते नाव दादाचं. माझ्या नावापुढे 'सहायक'.

हा शब्द मला इतका का टोचतो तेही सांगते. या कोर्सच्या पुढे दुसरा कोर्स आहे. त्यात स्वतःचा प्रोग्राम लिहायला शिकवतात. म्हणजे मशीननं काय करायचं ते आपण ठरवायचं. त्या वर्गाच्या दारावर काच आहे आणि मी पाणी प्यायला जाण्याच्या निमित्तानं तिथं उभी राहते. आत एक मुलगा काहीतरी लिहितो आणि पडद्यावरचा चेंडू भिंतीला आपटून परत येतो. पुन्हा लिहितो, चेंडू लाल होतो. मला ते पाहिजे. मला दुसरं काही नको. आणि त्या वर्गात फक्त चालकांना घेतात.

"परीक्षेला तू शेजारी असशील ना?" दादानं मागून विचारलं. आवाज अगदी बारीक.

मी चालण्याचा वेग वाढवला.

दुपारी मी चष्मिसच्या काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथं एक जुनं मशीन आहे. काका म्हणाले, गिऱ्हाईक नसेल तोवर बसा. मी माउस डावीकडे ओढला. तिथं वायर कुणी बांधली नव्हती. तरी सुरुवातीला मी आपली म्हणतच होते, "खाली, खाली, अजून खाली," आणि चष्मिस म्हणाली, "अगं, तुझ्याच हाताला सांगतेयस, हळू सांग, ऐकू येतं त्याला." मी तोंडावर उजवा हात दाबून धरला. मग बाण गेला. अडखळत, थांबत, पण मी नेला तिथं गेला. मी एक तक्ता घातला. वाकडा. रकाने एक रुंद, एक चिंचोळा. दोन गिऱ्हाइकं आली आणि आम्हाला उठावं लागलं, नाहीतर मी तिथंच राहायला गेले असते.

म्हणजे अंगण वाकडं नव्हतं आणि मला नाचताही येत होतं. मला अंगणात पायच ठेवू दिला नव्हता.

रात्री जेवायला बसल्यावर मी विषय काढला. बाबा एका कुरिअर कंपनीच्या शाखेत काम करतात, आई दाताच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावते. दोघंही दमलेले होते. चांगला मुहूर्त नव्हता, पण मला कुठं थांबता येतं.

"परीक्षेत मला चालक व्हायचंय," मी म्हणाले. "दादानं वाचावं."

दादानं ताटातून डोकं वर केलं नाही.

"म्हणजे?" बाबा म्हणाले. "तो चालवतो ना?"

"मी सांगते आणि तो चालवतो."

"मग झालं की. तू सांगतेस म्हणजे तूच करतेस."

"मग प्रमाणपत्रावर माझं नाव चालक म्हणून लावा."

"लहान आहेस अजून. तुला काय घाई आहे? त्याचं माझ्या साहेबांशी बोलून ठेवलंय. सुट्टीत आमच्याकडे टेबलवर बसवतील त्याला. प्रमाणपत्र हवंय त्यांना."

"आणि तिथं बसल्यावर तक्ता कुठून येतो ते कोण सांगणार त्याला? मी खिडकीबाहेर उभी राहू?"

"आगाऊपणा नको," आई म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "बहिणीनं भावाला थोडं सांभाळून घ्यावं गं. मागच्या तुकडीत तो एकटा गेला होता, आणि नापास झाला, माहीतेय ना. म्हणून तर तुला घातलं."

आईला कळलं असावं आपण काय बोलून गेलो ते, कारण ती उगाच वाढायला उठली. कुणी काही मागितलं नव्हतं.

"म्हणून मला घातलं," मी म्हणाले.

"तसं नाही गं."

"कसं?"

कोर्सला नाव घातलं त्या दिवशी मी केवढी नाचले होते. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, आमच्या घरात मुलगा-मुलगी असला भेद नाही, दोघांनाही घातलंय. लांबवेणीला तर इतकं ऐकवलं होतं की ती कंटाळून म्हणाली होती, "कळलं, तुझे आईबाबा फार थोर." आणि इथं मी होते कोण? आंधळ्याची काठी. काठीला कुणी विचारतं का, तुला कुठं जायचंय?

मी दादाकडे पाहिलं. त्याला हे आधीपासून माहीत होतं. त्याच्या कानांवरून कळलं. त्याचे कान लाल होतात.

दुसऱ्या दिवशी रविवार. परीक्षेच्या आधीचा शेवटचा सराव. आमची लॅब सरावाच्या वेळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत असते, कारण डावीकडच्या सगळ्या एकाच वेळी वाचत असतात. मी माझ्या खुर्चीवर बसले. पुस्तिका उघडली. आणि गप्प राहिले.

"बोल ना," दादा कुजबुजला.

मी पडद्याकडे बघत राहिले.

"रेडिओ. ए. बोल ना गं. सर येतायत."

त्याचा हात माउसवर होता आणि बाण पडद्याच्या मधोमध उभा होता. अगदी काल माझा होता तसाच. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं का बोलू. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पण काल हसताना तो घाम कुठं होता?

पलीकडच्या मशीनवर चष्मिसनंही पुस्तिका मिटली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त चष्मा पुसत बसली. तिचा चालक तिला म्हणत होता, "अगं, तुला काय झालं आता?" मग तिच्या पुढची. लांबवेणी मात्र वाचत राहिली. तिला नाटकं आवडत नाहीत, आणि तिचा चालक तिला रोज घरापर्यंत सोडतो. असो. पण गुणगुण विरळ झाली, आणि मग लॅबमध्ये फक्त पंख्यांचा आवाज आणि लांबवेणीचा एकटीचा आवाज राहिला. उजवीकडच्या खुर्च्यांवरचे एकमेकांच्या पडद्यांत डोकावत होते.

सेव्हसर आमच्या टेबलापाशी आले.

"काय चाललंय? वाच."

"त्याला वाचता येतं, सर," मी म्हणाले. "डोळे चांगले आहेत त्याचे."

"तुझ्यामुळे त्याचं नुकसान होतंय."

"आणि माझं?"

"तुझं काय नुकसान? तुलाही प्रमाणपत्र मिळतंयच."

"त्यावर काय लिहितात, सर?"

"सहायक."

"दुसऱ्या कोर्सला सहायकांना घेतात?"

सर घुटमळले. ते वाईट नाहीत, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यांना फक्त हे कुणी आजवर विचारलं नव्हतं, आणि विचारलेलं त्यांना आवडत नव्हतं. "तिथं हात बसलेला लागतो," ते म्हणाले.

"हात बसायला खुर्ची लागते, सर. ती तुम्ही दिली नाहीत. आणि काल सगळ्यांसमोर हाताला हसलात."

हे मी मोठ्यानं बोलले नाही. खरं तर जरा कापऱ्याच आवाजात बोलले. पण इतकी शांतता होती की शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. लांबवेणीही थांबली.

सरांनी पुस्तिका उचलून उगाच पुन्हा ठेवली. "जोडीतल्या खुर्च्या बदलता येणार नाहीत," शेवटी म्हणाले. "एकटीनं बसायचं असेल तर पुढच्या तुकडीत. पहिल्या धड्यापासून. हे प्रमाणपत्र सोडून द्यावं लागेल. आणि तुझा भाऊ माझ्या परवानगीनं एकटा बसेल, पण मग त्याला वाचून दाखवायला कुणी नसेल. घरी विचार आणि ठरव."

"पुढच्या तुकडीत मुली उजवीकडे बसतील?"

"कुणीही कुठंही बसेल," सर चिडून म्हणाले. "बास आता."

घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी दादा म्हणाला, "मी नापास होईन."

"मग शीक."

"आठवड्यात?"

"दादा, मी तुला तोंडपाठ सांगत होते तेव्हा तू ऐकत होतास का? का नुसता हात हलवत होतास?"

"हात हलवत होतो," तो म्हणाला. निदान खरं बोलला.

"संध्याकाळी मी तुला शिकवीन. रोज. पण नंतर तुझं तू."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "काल हसायला नको होतं." मी अजून चिडलेली होते आणि माफ करण्याची मला काही घाई नव्हती.

घरात आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा खुर्चीवर पाय पसरून बसले होते. मी दारातच उभी राहिले. चपलाही काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर बसावं लागलं असतं, आणि बसले असते तर ते मला समजावायला लागले असते.

"परीक्षेला मी दादाच्या शेजारी बसणार नाही," मी म्हणाले.

बाबांनी पाय खाली घेतले. "पुन्हा तेच?"

"पुन्हा नाही. आता ठरलंय. सरांशी बोलून आलेय. मला हे प्रमाणपत्र नको. मी पुढच्या तुकडीत पहिल्या धड्यापासून बसणार."

"आणि हा?" आई म्हणाली.

"हा एकटा बसेल. मी आठवडाभर त्याला शिकवणार आहे. नंतर त्याला जमलं तर जमलं."

"नाही जमलं तर? साहेबांना मी काय सांगू?"

"सांगा, मुलगा अजून शिकतोय म्हणून."

"एवढा कोर्स केलास तो वाया घालवणार? एवढे शनिवार-रविवार?" बाबांचा आवाज चढला. "कुणाला विचारून ठरवलंस?"

"मला घालताना तुम्ही मला विचारलं नव्हतंत, बाबा. त्याच्यासाठी घातलंत. या वेळी मी माझ्यासाठी जातेय, म्हणून मी मलाच विचारलं."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. बाबा दादाकडे वळले, तो काही म्हणेल म्हणून. दादा माझ्या मागे दारात उभा होता.

"ती बरोबर बोलतेय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तू गप्प बस," बाबा म्हणाले, आणि मग मला, "आणि पुढच्या तुकडीतही नाही जमलं तर?"

"तर त्याच्या पुढच्या तुकडीत," मी म्हणाले. "पण कुणाच्या डावीकडे बसून मी आता वाचणार नाही. हे मी विचारत नाहीये, सांगतेय."